दिवसाचा भेकड आणि रात्रीचा ‘शहेनशाह’

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फळ्यावर लागली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आपापले विषय लगेच ठरवून टाकले. कोणी तुकाराम घेतला, कोणी पर्यावरण, कोणी ग्रामीण स्त्रीचे शिक्षण. मी मात्र सरांकडे गेले आणि ‘शहेनशाह’ या हिंदी चित्रपटावर लिहिते असे म्हणाले. सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, “लिही, पण नुसती स्तुती नको आणि नुसती टिंगलही नको.” ही अट कठीण आहे, कारण या चित्रपटाबद्दल आजवर मला भेटलेली माणसे या दोनच जातींची आहेत. एक जात माझ्या वडिलांची आणि दुसरी माझ्या वर्गमित्रांची. मी दोघांच्या मध्ये उभी आहे.

वाचकहो, आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा गवंडीकाम करतात, आई घरी बिड्या वळते. बाबांची शाळा सातवीत सुटली. घरात पुस्तके नव्हती, पण गोष्टी पुष्कळ होत्या आणि त्यातल्या निम्म्या अमिताभ बच्चनच्या होत्या. १९८८ साली दिवाळीनंतरच्या मंडईत बाबांच्या गावी व्हिडिओ आला. मंडई म्हणजे काय हे आपल्या भागात सांगायला नको. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. त्या वर्षी नाटकाच्या जोडीला एका अंगणात भाड्याचा रंगीत टीव्ही लावून ‘शहेनशाह’ दाखवला गेला. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि मिस्त्रीच्या हाताखाली विटा वाहत होते. पोत्यावर बसून, थंडीत गुडघे पोटाशी घेऊन त्यांनी तो पाहिला. आजही तो टीव्हीवर लागला की ते हातातले ताट तसेच धरून बसतात आणि वरण गार होऊन जाते.

मी महाविद्यालयात आले, दोन-चार समीक्षेची पुस्तके चाळली आणि साहजिकच मला शिंगे फुटली. मागच्या वर्षी मी त्यांच्या शेजारी बसून एकेक चूक काढू लागले. बाबा बराच वेळ ऐकत राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “तू सिनेमा पायतेस का पेपर तपासतेस?” त्या वाक्याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

प्रथम चित्रपटाविषयी थोडेसे. ‘शहेनशाह’ १२ फेब्रुवारी १९८८ ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक टिनू आनंद. यांनीच १९८१ साली ‘कालिया’ केला होता. कथेचे श्रेय जया बच्चन यांच्याकडे जाते. पटकथा-संवादांत टिनू आनंद यांचे वडील इंदर राज आनंद यांचा मोठा वाटा. ते चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी, १९८७ सालीच वारले. शीर्षकगीत किशोरकुमार यांनी गायले आहे. तेही १३ ऑक्टोबर १९८७ ला गेले. म्हणजे चित्रपटगृहातल्या काळोखात ज्या आवाजाने शहेनशाहची वर्दी दिली, तो आवाज त्याआधी चार महिने शांत झालेला होता.

गोष्ट अशी. एका प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याला जे.के. नावाचा गुन्हेगार लाच घेतल्याच्या खोट्या आरोपात अडकवतो. अपमान सहन न होऊन तो गळफास लावून घेतो. त्याचा लहान मुलगा विजय तो दोर पाहतो आणि विसरत नाही. मोठेपणी विजय स्वतः इन्स्पेक्टर होतो. दिवसा तो पान खाणारा, लाच घेणारा, गुंडांना पाहून चळचळा कापणारा विदूषक असतो. रात्री तोच माणूस काळे कातडी कपडे चढवून, एका हातावर पोलादी जाळी बांधून, ‘शहेनशाह’ या नावाने गुन्हेगारांना शिक्षा देत फिरतो. शेवट न्यायालयात होतो आणि शिक्षाही तिथेच, नायकाच्या हातून होते.

आज आपण ज्याला सुपरहिरो म्हणतो त्याचाच हा देशी अवतार आहे. दोन रूपे, रात्रीचा पोशाख, लहानपणी पाहिलेला बापाचा मृत्यू; ही सामग्री परदेशी बॅटमॅनची आहे, आणि तो १९३९ पासून चित्रकथांतून फिरतो आहे. आपल्याकडेही १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून बुरखेधारी वेताळ घरोघर पोचलाच होता. परंतु शहेनशाह साधा सुपरहिरो नाही. इंग्रजी समीक्षेत ज्याला अँटी-हिरो म्हणतात, त्या जातीचा तो आहे. तो कायद्याचा नोकर आहे आणि कायदा मोडतो. तो सज्जन आहे आणि लाचखाऊ म्हणून मिरवतो. तो न्यायासाठी झटतो आणि न्यायाधीशाची वाट पाहत नाही.

आता गुणांकडे वळते. माझ्या मते या चित्रपटाचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे दिवसाचा इन्स्पेक्टर. इतर सुपरहिरोंच्या कथांत दिवसाचा माणूस श्रीमंत तरी असतो किंवा निरुपद्रवी तरी. इथे तो लाचखाऊ आहे. प्रामाणिक माणसाला जगायचे असेल तर त्याने बेईमानाचे सोंग घ्यावे, म्हणजे कोणी त्याच्याकडे पाहणार नाही, ही कल्पना विनोदी वाटते. पण जरा थांबून विचार केला तर अंगावर काटा येतो. ज्या समाजात प्रामाणिकपणा लपवावा लागतो आणि लाच उघड घेता येते, त्या समाजाविषयी यापेक्षा कडवट विधान कोणत्या गंभीर चित्रपटाने केले आहे? दुर्दैव इतकेच की चित्रपट ते विधान करतो आणि लगेच हशा घेऊन पुढे निघून जातो.

दुसरा गुण अमिताभ बच्चन यांचा. चित्रपट लागला तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. स्नायूंच्या आजारामुळे हा चित्रपट आधीच रखडला होता. १९८४ च्या डिसेंबरात ते अलाहाबादहून लोकसभेवर निवडून गेले, आणि बोफोर्स तोफांच्या व्यवहारात नाव ओढले गेल्यावर १९८७ साली त्यांनी राजीनामा दिला. लाचेच्या खोट्या आरोपाने मोडलेल्या बापाचा मुलगा रंगवताना तो नट स्वतःच आरोपाच्या सावलीत उभा होता. पुढे २०१२ साली, त्या प्रकरणाचा तपास केलेल्या स्वीडिश पोलीस अधिकाऱ्यानेच त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता असे जाहीरपणे सांगितले. मधली पंचवीस वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नाही. आपण दारूगोळ्याच्या गावचे लोक. तोफेचा विषय आपल्याला परका नाही. म्हणून हा योगायोग मला विशेष जाणवला. त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत ‘शहेनशाह’ची गणना झाली, तिचे श्रेय बहुतांशी या एका माणसाच्या चालण्याला आणि आवाजाला आहे.

तिसरा गुण सांगितला तर मित्र हसतील. तो म्हणजे लांबी. जवळजवळ तीन तास हा चित्रपट चालतो. मध्ये गाणी, विनोद, मारामाऱ्या, पुन्हा गाणी. पुस्तकी दृष्टीने हा दोषच. परंतु आपल्या झाडीपट्टीतले नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते. त्यात करुण प्रसंगानंतर लगेच लावणी येते आणि कोणी तक्रार करीत नाही. दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाला एकाच बैठकीत सगळे हवे असते. कारण पुढची बैठक केव्हा मिळेल याची त्याला खात्री नसते. बाबांनी हा चित्रपट त्या नजरेने पाहिला, मी वह्यापुस्तकांच्या नजरेने. या एका मुद्द्यावर मी माझी हरकत मागे घेते.

बाकी हरकती मात्र कायम आहेत.

पहिली हरकत वेशांतराची. खोटी दाढी आणि केसांचा टोप चढवला की अवघ्या हिंदुस्थानला ओळखू येणारा आवाज आणि उंची कोणालाच ओळखू येत नाही! जे.के.सारखा धूर्त माणूस, ज्याने एका पोलीस अधिकाऱ्याला आयुष्यातून उठवले, त्याच्या डोक्यात हे येऊ नये? दंतकथा म्हणून सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु दंतकथेलाही स्वतःचे नियम असतात. खलनायक जितका मूर्ख, तितका नायकाचा विजय स्वस्त.

दुसरी हरकत स्त्रियांची. नायिका शालू (मीनाक्षी शेषाद्री) हिलाही सूड घ्यायचा आहे. तिच्या आईला जे.के.ने वापरून घेतले आणि संपवायला पाहिले. म्हणजे दुःख तिचेही नायकाइतकेच मोठे आहे. धाडसही तिच्यात आहे. पण दोघांच्या समान दुःखाचा हिशेब पटकथा असा मांडते की त्याला मिळतो पोलादी हात आणि तिला मिळतात गाणी. आणि नायकाची आई? ती भूमिका आपल्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली आहे. ‘गांधी’ (१९८२) मध्ये कस्तुरबा रंगवून ज्यांनी जगाची वाहवा मिळवली, त्या बाईंना, वयाने अमिताभपेक्षा लहान असताना, केस पांढरे करून त्यांची आई व्हावे लागले. नट पंचेचाळिसाव्या वर्षी नाचतो आणि नटी तिशी ओलांडताच सासुरवास किंवा वैधव्य पत्करते, हा त्या काळच्या हिंदी पडद्याचा नियमच होता. तो आज पुरता गेला आहे असे मी म्हणणार नाही.

तिसरी हरकत सर्वांत महत्त्वाची. ती शेवटाविषयी आहे. न्यायालयात साक्षीपुरावा उभा राहतो, न्यायाधीश समोर आहेत, गुन्हेगाराच्या सुटकेच्या वाटा बंद होत आल्या आहेत आणि नेमक्या त्याच क्षणी चित्रपटाला न्यायालयाचा कंटाळा येतो. बापाच्या गळ्यातला दोर खलनायकाच्या गळ्यात पडलाच पाहिजे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात; बाबाही वाजवतात. पण मला विचारावेसे वाटते, इतका वेळ धडपड करून पुरावा आणला तो कशासाठी? दोरच वापरायचा होता तर साक्षीदाराचा जीव धोक्यात घालायची गरज काय होती? आणि पुरावा जर पुरेसा होता, तर दोराची गरज काय?

हा प्रश्न मला सुचला तो मराठीच्या सरांनी ‘अर्ध सत्य’ पाहायला सांगितला म्हणून. गोविंद निहलानी यांचा हा चित्रपट १९८३ चा, म्हणजे ‘शहेनशाह’च्या पाच वर्षे आधीचा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची. म्हणजे मुळे आपल्याच मातीत. त्यातही पोलीस अधिकारी आहे, अनंत वेलणकर. त्याच्याही समोर कायद्याला न जुमानणारा रामा शेट्टी आहे. ती भूमिका सदाशिव अमरापूरकरांनी केली. वेलणकरही शेवटी शेट्टीला स्वतःच्या हातांनी मारतो. पण त्यानंतर तो काय करतो? तो चालत पोलीस ठाण्यात जातो आणि स्वतःला हवाली करतो. टाळ्या वाजवायला आपले हात उचलत नाहीत. कारण त्याआधी आपण पाहिलेले असते की याच हातांनी कोठडीतल्या एका क्षुल्लक चोराला मरेपर्यंत मारले आहे. राग योग्य माणसावर निघाला की तो शौर्य ठरतो आणि चुकीच्या माणसावर निघाला की खून; पण हात तेच असतात. ‘शहेनशाह’ला हे दुसरे अर्धे सत्य सांगायचे धाडस होत नाही. त्याचा नायक कधी चुकीच्या माणसाला मारतच नाही. किती सोयीचे!

आणखी एक गंमत. दोन्ही चित्रपटांत अमरीश पुरी आहेत. ‘शहेनशाह’मध्ये ते जे.के. आहेत, सगळा दुष्टपणा त्यांच्या एकट्यात गोळा झालेला, त्यांना संपवले की प्रश्न संपला. ‘अर्ध सत्य’मध्ये ते वेलणकरचे वडील आहेत, निवृत्त पोलीस, बायकोला मारणारे. तिथे दुष्टपणा घरात आहे, बापाकडून लेकाच्या हातात उतरलेला आहे, आणि त्याला कोणत्याही दोराने टांगता येत नाही. एकाच नटाच्या या दोन भूमिका शेजारी ठेवल्या तर सामान्य चित्रपट आणि श्रेष्ठ चित्रपट यांतला फरक समजायला दुसऱ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही घटनेचा एकविसावा अनुच्छेद शिकलो. कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीवाचून कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, असा त्याचा आशय. ‘कोणाचेही’ या शब्दात जे.के.सुद्धा येतो, हे पचवणे कठीण आहे, पण येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीपुढे जे भाषण केले, त्यातले दोन इशारे असे होते. सनदशीर मार्ग उपलब्ध असताना बेकायदा मार्ग धरू नका, हा एक. आणि माणूस कितीही मोठा असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांशी वाहू नका, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा दुसरा. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. ज्याने आम्हाला कुणा शहेनशाहची वाट पाहू नका असे शिकवले, त्याला आपल्या जिल्ह्याने निवडून दिले नाही. आणि पडद्यावरच्या शहेनशाहला मात्र आपण चाळीस वर्षे टाळ्या वाजवतो आहोत. याची लाज मला वाटते, ती इथे नोंदवून ठेवते.

इथवर लिहून झाले तेव्हा लेख पुरा झाला असे मला वाटले होते. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला. मग म्हणाले, “बराबर हाय तुझं. पन त्या दाखल्याची गोष्ट काऊन नाही लिहिली?”

ती गोष्ट लिहायची नाही असे मी ठरवले होते. बाबा लिही म्हणाले, म्हणून लिहिते. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. एका कार्यालयात बाबांनी कामाचे दिवस बुडवून चार खेपा घातल्या. दर वेळी एखादा कागद कमी निघे. चौथ्या खेपेला मी सोबत होते. टेबलामागच्या माणसाने बाबांना ‘तू’ म्हटले. बाबा त्याच्याहून वयाने मोठे. त्यांनी हात जोडले, हसले, आणि खिशातून दोनशे रुपये काढून फायलीखाली सरकवले. दाखला मिळाला. रस्त्याने येताना मी बाबांना वाटेल तसे बोलले. तुम्ही भित्रे आहात, असेही म्हणाले. बाबा सायकल हातात धरून चालत होते. एक शब्द बोलले नाहीत.

त्याच रात्री कोणत्या तरी वाहिनीवर ‘शहेनशाह’ लागला होता. बाबांनी ताट हातात घेतले आणि बघत बसले. मी रागाने तोंड फिरवून झोपले. इन्स्पेक्टर विजय गुंडांपुढे हात जोडून लाचारासारखे हसत होता, त्याचा आवाज माझ्या कानांवर येत होता. आज कळते की सबंध घरात तो प्रसंग समजणारा माणूस एकच होता. दिवसा हात जोडावे लागतात. मुलीचे शिक्षण अडते आहे म्हणून हसावे लागते. पण माणसाला रात्री स्वतःला सांगावे लागते की ते सोंग होते, खरा मी वेगळा आहे. विजयला त्यासाठी पोलादी जाळी मिळाली. बाबांना ‘शहेनशाह’ मिळाला.

मी चित्रपटाच्या ज्या कल्पनेला पहिला गुण म्हटले, ती मला पुस्तकातून समजलेली नाही. ती मला त्या रस्त्यावर समजायला हवी होती आणि समजली नाही.

पुढच्या वर्षी दाखला पुन्हा लागला. या वेळी मी पुढे झाले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अर्जाची पोच मिळाली पाहिजे, सेवा ठरावीक मुदतीत मिळाली पाहिजे आणि न मिळाल्यास वरिष्ठांकडे अपील करता येते, एवढे मला वर्गात कळले होते. मी पोच मागितली. ती द्यायला थोडा वेळ लावला गेला, पण दिली गेली. मुदतीच्या आत दाखला आला. दोनशे रुपये वाचले. बाबांनी ती पोच घडी करून अजून पाकिटात ठेवली आहे, जणू ती नोटच आहे. यात कोणी काच फोडून आत आले नाही, कोणाच्या गळ्यात दोर पडला नाही. यावर कोणी चित्रपट काढणार नाही आणि काढला तर बाबासुद्धा झोपी जातील. तरीसुद्धा, मला वाटते, त्या दिवशी दिवसाचे बाबा आणि रात्रीचे बाबा थोडेसे जवळ आले.

अखेरचा एक प्रसंग सांगते, कारण जवाहरनगरात राहून सुपरहिरोंवर लिहायचे आणि तो टाळायचा, हे मला जमणार नाही. २४ जानेवारी २०२५, शुक्रवार. मी तेव्हा प्रथम वर्षाला होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले. आठ कामगार गेले. आपल्यापैकी कित्येकांनी तो आवाज ऐकला, आणि आवाजानंतरची ती शांतताही, जीत प्रत्येक घरातले माणूस मनातल्या मनात आपापली माणसे मोजत होते. त्या दिवशी बाबा दुसऱ्या गावी बांधकामावर होते. काम टाकून ते फाटकाकडे धावत गेले. आमचे नात्याचे कोणी आत नव्हते, तरी गेले. रात्री आले तेव्हा आईने विचारले, तुम्ही तिथे काय करणार होता? बाबा म्हणाले, “कोनी वरून येत नाही. जो जवळ असते, तोच धावते.”

ज्या माणसाने अडतीस वर्षे ‘शहेनशाह’वर प्रेम केले, त्या माणसाचे हे वाक्य आहे. मी ते वहीत लिहून ठेवले. ढिगारा उपसणारे, जखमींना गाडीत घालणारे, फाटकाबाहेर पाणी वाटणारे, रक्त द्यायला रांगेत उभे राहणारे. यांपैकी कोणाच्याही अंगावर विशेष पोशाख नव्हता. बाबांना ते ठाऊक होते. म्हणजे पडद्यावरची गोष्ट खरी आहे अशा समजुतीत ते कधीच नव्हते. मला मात्र वाटत होते की ते भाबडे आहेत आणि मी शहाणी.

तेव्हा वाचकहो, माझा निर्णय असा. ‘शहेनशाह’ हा दुय्यम चित्रपट आहे. त्याचा खलनायक सोयीचा आहे, त्याच्या स्त्रिया उपऱ्या आहेत, आणि त्याचा शेवट न्यायाचा नसून सुडाचा आहे. ‘अर्ध सत्य’ त्याच्याहून कितीतरी मोठा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा पाहावा. पण ‘अर्ध सत्य’ संपल्यावर माणूस रात्री जागा राहतो, आणि ‘शहेनशाह’ संपल्यावर माझ्या बाबांना झोप लागत असे, कारण सकाळी सहाला त्यांना कामावर जायचे असे. चित्रपटाने दिलेली झोप हा कलेचा गुण आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. प्राध्यापकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर त्यांनी पुढच्या अंकात अवश्य लिहावे.

बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आता माझ्याजवळ आहे. बाबा, मी पेपरच तपासत होते. पण त्यातला एक पेपर माझा होता, आणि त्यात मला फारसे गुण मिळालेले नाहीत.